हडळीची पाठ

नॉर्मन बेट्सच्या ऑफिसमागच्या खोलीत, पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या गर्दीत, भिंतीवर एक जुन्या वळणाचं चित्र टांगलेलं आहे. आंघोळीला उतरलेली सुझॅना आणि तिच्या अंगाला झोंबणारे दोन म्हातारे. ही बायबलमधली कथा युरोपातल्या चित्रकारांनी पिढ्यान् पिढ्या रंगवली. तिच्या आडून उघडी बाई रंगवता येई आणि वर धर्मकार्याचं पुण्यही पदरात पडे. नॉर्मन ते चित्र खिळ्यावरून उतरवतो. मागे भिंतीला खपली काढल्यासारखा खड्डा, खड्ड्यात बारीक भोक, आणि भोकापलीकडे कपडे उतरवणारी मॅरियन क्रेन. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’तलं (१९६०) हे दृश्य काही सेकंदांचं. आधी नॉर्मनचा डोळा बाजूने, अगदी जवळून दिसतो. मग त्या भोकातून दिसणारं आपल्याला दाखवलं जातं. तिकीट काढून आलेला प्रेक्षक आता भिंतीला डोळा लावून उभा असतो, आणि आपण इथे कसे आलो हे विचारायला त्याला सवड मिळत नाही. पाचेक मिनिटांत बाथरूममधला शॉवर सुरू होतो.

भयपटात उघडं शरीर कशासाठी येतं, याचं सोपं उत्तर ‘गल्ल्यासाठी’ असं आहे आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. कमी भांडवलाच्या सिनेमाला नट परवडत नाहीत, तेव्हा भीती आणि कातडी या दोन गोष्टी पोस्टरवर स्वस्तात मिळतात. पण तेवढ्यावर विषय संपत नाही. ज्या भयपटांची आठवण राहते, त्यांत उघड्या शरीराकडे बघण्याची किंमत बघणाऱ्याकडून वसूल केलेली असते. कोण बघतंय, कुठून बघतंय आणि त्याला शेवटी काय दिसतं, या हिशेबावर सिनेमा उभा असतो. आणि हा हिशेब नेमका मोरीत, बाथरूममध्ये, टबाच्या काठावर मांडला जातो, हे सलग दहा-बारा चित्रपट पाहिले की खटकायला लागतं. घरात कडी लावून, चष्मा काढून, पाठ दाराकडे करून माणूस उभा राहतो ती हीच एक जागा.

‘सायको’ची सुरुवातही अंतर्वस्त्रांतच होते. फिनिक्स शहर, शुक्रवारची दुपार, हॉटेलातली खोली. जेवणाच्या सुट्टीत प्रियकराला भेटायला आलेल्या मॅरियनच्या अंगावर पांढरी ब्रेसियर. त्या प्रियकराच्या डोक्यावर वडिलांचं कर्ज आणि घटस्फोटित बायकोची पोटगी, म्हणून लग्न अडलेलं. पुढे मालकाचे चाळीस हजार डॉलर घेऊन ती पळायच्या तयारीला लागते तेव्हा ब्रेसियर काळी. हिचकॉकला असली खूण ठेवायला फार आवडे, आणि ती जरा ढोबळच आहे म्हणा. खरी गंमत पुढे. मोटेलात ती नॉर्मनशी बोलत बसते, आपण चुकलो हे तिच्या लक्षात येतं, सकाळी परत जायचं ती ठरवते. खर्च झालेले सातशे डॉलर कसे भरून काढायचे त्याची कागदावर वजाबाकी करते, कागद फाडून संडासात टाकते आणि पाणी सोडते. अमेरिकी पडद्यावर कमोडमध्ये पाणी सोडणंसुद्धा तेव्हा असभ्य समजलं जाई. मग ती शॉवरखाली उभी राहते आणि सबंध चित्रपटात पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल होतो. ‘पाप केलं म्हणून मेली’ हा हिशेब इथे लागू होत नाही, कारण तिने आपल्यापुरतं खातं मिटवलेलं आहे. खातं उघडं आहे ते भिंतीपलीकडच्याचं.

त्या हल्ल्याच्या चित्रीकरणाला १९५९च्या डिसेंबरातले सात दिवस लागले. ७८ वेळा कॅमेरा नव्याने लावला गेला आणि ५२ ठिकाणी कट आहेत. हेच दोन आकडे नाव म्हणून घेऊन २०१७मध्ये एक अख्खा माहितीपट निघाला. पडद्यावर हल्ला पाऊणएक मिनिट चालतो. सुरी शरीरात शिरताना जवळपास दिसतच नाही, सुरीचा आवाज खरबूज कापून काढलेला, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. मॅरियनचं काम करणाऱ्या जॅनेट लीच्या जागी काही शॉट्समध्ये मार्ली रेनफ्रो ही मॉडेल होती आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. सेन्सॉरचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. मंडळातल्या काहींना नग्नता दिसली, काहींना दिसली नाही. हिचकॉकने रीळ परत नेलं, काहीही न बदलता पुन्हा पाठवलं, तर या खेपेला आधी ज्यांना दिसली होती त्यांना ती दिसेना. आपण काय पाहिलं हे तुकडे सांधणारा प्रेक्षक ठरवतो, आणि सेन्सॉरही शेवटी प्रेक्षकच.

हिचकॉकला फार मोठा नैतिक माणूस ठरवायची मात्र घाई नको. त्याच्या ‘द बर्ड्‌स’ आणि ‘मार्नी’ची नायिका टिपी हेड्रेन यांनी २०१६च्या आत्मचरित्रात त्याच्याकडून झालेल्या लैंगिक छळाबद्दल लिहिलं आहे. भिंतीतल्या भोकाबद्दल त्याला इतकं नेमकं कसं माहीत, असा प्रश्न ते वाचल्यावर मनात येतोच.

भोकाच्या जागी पुढे मुखवटा आला. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’मध्ये (१९७८) सुरुवातीची काही मिनिटं आपण कुणाच्या तरी डोळ्यांतून बघतो. मुखवट्याच्या दोन भोकांतून आरशासमोर उघड्या अंगाने बसलेली तरुण मुलगी दिसते, सुरी चालते, आणि मग कुणीतरी मुखवटा काढतं तर आत सहा वर्षांचं पोर, तिचा भाऊ. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आणि त्याच्या पिल्लावळीने यातून एक सूत्र तेवढं उचललं: जोडपं खाटेवर गेलं की मेलंच. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी अशा चित्रपटांत शेवटपर्यंत टिकणाऱ्या, बहुधा कुमारिका असलेल्या मुलीला ‘फायनल गर्ल’ हे नाव १९८७मध्ये दिलं आणि ते आता हॉलिवूडच्या पटकथालेखकांच्याही तोंडी बसलं आहे. त्या लाटेतले बहुतेक सिनेमे बघवत नाहीत. नग्नतेमुळे नव्हे, कंटाळ्यामुळे.

आता हडळ. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करणाऱ्यांनी तिचं वर्णन टिपून ठेवलं आहे. हिरवं लुगडं, पाठीवर मोकळे सोडलेले केस, समोरून भरलेलं अंग आणि मागून नुसता सापळा. बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली बाई हडळ होते असं मानलं जाई, आणि कोकणात अळवंतीची गोष्ट जवळपास हीच. बांधावर, विहिरीपाशी ती एकट्या पुरुषाला भेटते. तो समोरून बघतो आणि भुलतो. जिथे त्याची नजर जात नाही तिथे, पाठीमागे, तिचं खरं सांगणं असतं: तुमच्या घरातल्या खोलीत, तुमच्याच वंशासाठी मी मेले.

स्टॅन्ली कुब्रिकने हडळीचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही. पण ‘द शायनिंग’मधल्या (१९८०) २३७ क्रमांकाच्या खोलीत तीच उभी आहे. बर्फात अडकलेलं रिकामं हॉटेल, हिरव्या रंगाचं न्हाणीघर, टबाचा पडदा हळूच सरकतो. आतून एक तरुण, संपूर्ण नग्न स्त्री उठते आणि संथपणे जॅक टॉरन्सच्या दिशेने चालत येते. जॅक निकल्सनच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघण्यासारखं आहे. बायको-मुलाला विसरलेलं, फुकटात घबाड मिळाल्याचं हसू. कॅमेरा तिच्याकडे बघताना लाळ गाळत नाही, उलट इतका थंड राहतो की शरीर सुंदर असूनही काहीतरी बिनसलंय हे जाणवतं. तो तिला मिठीत घेतो, चुंबन घेतो, आणि मग आरशात त्याला तिची पाठ दिसते. कुजलेली, हिरवट, सोलवटलेली, आणि तिच्यावर त्याचेच हात. समोर आता म्हातारी बाई खदखदून हसत पुढे येते. त्यानंतरचा प्रसंग मला त्या म्हातारीपेक्षाही भयंकर वाटतो. जॅक बायकोकडे परत येतो आणि तिथे काहीच नव्हतं म्हणून सांगतो. ज्या खोलीत त्याच्या पोराच्या गळ्यावर वळ उठले, त्या खोलीबद्दल एक संसारी पुरुष सरळ खोटं बोलतो, कारण खरं सांगायचं तर मिठी कुणी मारली तेही सांगावं लागेल. तिथून पुढे त्याच्या हातात कुऱ्हाड येते, त्यात नवल उरत नाही.

बाईचं म्हातारपण म्हणजेच भयानक, हे मात्र कुब्रिकने विनातक्रार गृहीत धरलं. ते कर्ज फेडायला चव्वेचाळीस वर्षं लागली, त्याकडे पुढे येतो.

ब्रायन डी पामाच्या ‘कॅरी’ची (१९७६) सुरुवातही जवळपास न्हाणीघरातच. शाळेतल्या मुलींची कपडे बदलायची खोली, वाफ, संथ गती, पिनो डोनाजिओचं गोडगोड संगीत. कॅमेरा शॉवरखालच्या कॅरीच्या अंगावरून साबणाच्या जाहिरातीसारखा फिरतो, आणि जाहिरातीची सवय असलेला प्रेक्षक जरा आरामात बसतो. तेवढ्यात पाण्यात रक्त उतरतं. कॅरीला पहिली पाळी आली आहे आणि पाळी म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. ती मरणाच्या भीतीने ओरडत रक्ताळलेले हात पुढे करते आणि वर्गातल्या मुली तिच्यावर पॅड आणि टॅम्पॉन फेकत हसतात. जाहिरातीतलं शरीर एका क्षणात खऱ्या शरीरात बदललं की बघणाऱ्याची जी पंचाईत होते, ती पुरुष-प्रेक्षकांच्या तोंडावर स्पष्ट दिसते. आपल्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला कोपऱ्यात बसवणाऱ्या घरांतल्या बायकांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. कॅरीची आई घरी तिला पापाचं व्याख्यान देते आणि देवाच्या तसबिरींबरोबर कपाटात कोंडते. शेवटी समारंभात डुकराचं रक्त अंगावर ओतलं गेल्यावर, शाळेतलं समारंभाचं सभागृह पेटवून, मुलगी घरी येते आणि टबात बसून अंग धुते. मग आई तिला कुशीत घेते आणि सुरा खुपसते, पाठीत.

सिसी स्पेसेक आणि आईचं काम करणाऱ्या पायपर लॉरी या दोघींना ऑस्करची नामांकनं मिळाली. भयपटाला तेव्हा असला मान दुर्मिळ होता. ज्या स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवर ‘कॅरी’ आणि ‘द शायनिंग’ निघाले, त्याच्याच ‘ग्रॅमा’ या कथेचं भयकथाकार नारायण धारपांनी मराठीत ‘आजी’ केलं. त्या ‘आजी’चं पुढे काय झालं ते तुंबाडच्या वाड्यात दिसतं. पण आधी लॅमिंग्टन रोडवर जाऊ.

फतेहचंद रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं. सात मुलगे. चित्रपटात उतरले तेव्हा घरातच युनिट तयार होतं: गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, कुमार लिहायला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून त्यांनी जो धंदा मांडला त्याला ‘रामसेपट’ हा स्वतंत्र शब्दच पुरे. बाहेरचे वाडे भाड्याने घ्यायचे, सेट उभारायचा खर्च टाळायचा. मुरुडच्या नवाबाचा समुद्रावरचा राजवाडा त्यांच्या कॅमेऱ्याला चांगलाच मानवला. पर्यटक आजही रस्त्यावरून त्याच्याकडे बोट दाखवून रामसेंचं नाव घेतात.

सेन्सॉरचा प्रश्न मात्र वाड्याइतका सोपा नव्हता. १९६९मध्ये न्यायमूर्ती खोसला समितीने, कथेची गरज असेल तर चुंबन आणि नग्नतेला सरसकट मनाई नसावी असं सुचवलं होतं. मुंबईच्या वेश्यावस्तीचं ओझरतं दर्शन घडवणाऱ्या लघुपटावरून ख्वाजा अहमद अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९७०च्या निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लैंगिकता आणि अश्लीलता नेहमी एकच नसतात असं बजावलं, पण पूर्वपरीक्षण वैधच ठरवलं. व्यवहारात काहीच हललं नाही. त्यामुळे रामसेंची नायिका कपडे घालूनच न्हायची. पोहण्याचा पोशाख किंवा पांढरं कापड, वरून भरपूर पाणी. बघणाऱ्याने उरलेलं मनात पूर्ण करायचं. छोट्या गावांतल्या थिएटरांत स्टॉलची तिकिटं कशावर खपायची हे वितरकाला ठाऊक होतं, आणि जाहिरातीत राक्षसाच्या तोंडाइतकीच जागा ओलेत्या नायिकेला मिळे. इथवर सगळं गल्ल्याचंच.

पण ‘पुराना मंदिर’ची (१९८४) गोष्ट नीट ऐका. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाच्या नरराक्षसाचं डोकं उडवलं जातं. मरताना तो राजघराण्याला शाप देतो, की या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आजच्या काळातल्या ठाकूरची मुलगी कॉलेजात शिकते आणि एका मुलाच्या प्रेमात पडते. बाप दोघांना तोडायला बघतो, आणि वरवर पाहता तो नेहमीचा हिंदी सिनेमातला खानदानवाला बाप वाटतो. मग कळतं की मुलीचं प्रेम, लग्न, गर्भारपण या सगळ्याच्या टोकाला त्याला तिचं प्रेत दिसतंय. रामसेंनी हे ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही, मध्येच जगदीपचा मच्छरसिंग ‘शोले’ची विडंबनं करत धुमाकूळ घालतो ते पाहता त्यांची घाई कळते. तरीही त्या शापातून या मातीतली जुनी भीती बोलते. मुलगी वयात आली की तिच्या देहाचा धाक अख्ख्या घराला बसतो, आणि त्या धाकाचं बिल तिच्याच नावावर फाडलं जातं. पिटातल्या प्रेक्षकाला ओलेती नायिका हवी होती. ती त्याला मिळाली, सोबत बाळंतिणीचं मरणही मिळालं.

‘वीराना’त (१९८८) हे आणखी उघड आहे. नकिता नावाची चेटकीण सुंदर बाईच्या रूपात पुरुषांना भुलवून मारते. ठाकुराचा भाऊ तिला संपवायला जातो तो तलवार घेऊन नव्हे. तो प्रेमाचं नाटक करतो, जवळीक साधतो आणि ऐन वेळी तिच्या गळ्यातलं वटवाघळाचं पदक हिसकावतो. सुंदर रूप गळून पडतं आणि तिला फासावर लटकवतात. पुढे तिचा आत्मा ठाकुराच्याच लहान मुलीत शिरतो. ती मोठी होते, रात्री रस्त्यावर गाड्या थांबवते, पुरुषांना सोबत नेते. म्हणजे ज्या घरातल्या पुरुषाने शरीराचं आमिष दाखवून एका बाईला मारलं, त्याच घरातल्या लेकीचं शरीर आता आमिष होऊन फिरतंय. या लेकीचं काम करणाऱ्या जास्मिनच्या त्या निर्विकार, मोठाल्या डोळ्यांमुळे हा सिनेमा लोकांच्या लक्षात राहिला असं म्हणतात. डोळ्यांमुळेच, असं ठामपणे म्हणायला जीभ जरा अडखळते. याच चित्रपटात सतीश शहांनी भयपट काढणाऱ्या एका खुळ्या दिग्दर्शकाचं काम केलंय आणि त्या पात्राचं नाव आहे हिचकॉक. रामसेंना आपलं गोत्र चांगलं माहीत होतं.

शिक्षा न देणारा शृंगार भयपटात जवळपास नसतोच. अपवाद म्हणून निकोलस रोगच्या ‘डोन्ट लुक नाऊ’चं (१९७३) नाव घ्यावं लागतं. जॉन आणि लॉरा बॅक्स्टर यांची लहान मुलगी घरामागच्या तळ्यात बुडून गेली आहे. ते व्हेनिसमध्ये आहेत, तो एका चर्चच्या दुरुस्तीचं काम बघतोय. हॉटेलच्या खोलीत ती टबात, तो नागव्यानेच नकाशे काढायच्या पाटावर वाकून बसलेला, इतक्यात मोलकरीण दार उघडते आणि ओशाळून परत जाते. जॉन झालेल्या डोनाल्ड सदरलंडचं ते अघळपघळ, हडकुळं शरीर बघून कुणालाही काही वाटू नये, आणि तेच रोगला हवंय. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या नवराबायकोंचा हा उघडेपणा आहे. मग ते पलंगावर एकत्र येतात, मुलगी गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. रोग या दृश्याच्या मध्ये मध्ये नंतरचं दृश्य जोडतो: दोघं जेवायला बाहेर जायला तयार होताहेत, तो पँट चढवतोय, ती ओठ रंगवतेय, तोंडावर पुसटसं हसू. बिलगणं आणि आवरणं एकमेकांत इतकं मिसळून येतं की मिठी चालू असतानाच ती संपून गेलेलीही असते. दुःखात बुडालेल्या घरात दोन घटकांचा उजेड पडावा आणि तो पडतानाच मावळत असावा, ते इथे एकही संवाद न टाकता दिसतं. मूळ पटकथेत हा प्रसंग नव्हता. जोडपं सारखं भांडतानाच दिसतंय असं वाटल्याने रोगने तो नंतर घातला. ब्रिटनमध्ये तो प्रौढांच्या प्रमाणपत्रावर जसाच्या तसा पास झाला. अमेरिकेत नऊ फ्रेम काढाव्या लागल्या. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी! एवढ्याशा तुकड्याने अमेरिकेचं शील वाचलं. मला विचाराल तर लैंगिक दृश्याशिवाय अपुरा राहिला असता असा भयपट हा एकच.

पुरुषाचं शरीर पणाला लावायला आपल्याकडे २०१८ उजाडावं लागलं. त्या वर्षी आलेल्या ‘स्त्री’त चंदेरीच्या गल्ल्यांतून रात्री पुरुष नाहीसे होतात आणि मागे उरतो त्यांच्या कपड्यांचा ढीग. एकटं बाहेर पडू नको, दार उघडू नको, लवकर घरी ये, हे बापयांना ऐकावं लागतं. विनोद त्यातूनच फुलतो. ती भुताटकी म्हणजे एक वेश्या, लग्नाच्या रात्रीच मारली गेलेली. उघडं काही न दाखवता नुसत्या पडलेल्या पँटवर एवढं काम करून घेणं ही मोठी हुशारी.

त्याच वर्षीचा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हसवत नाही. धारपांची ‘आजी’ बर्वेंना नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितली होती. चित्रपट १९१८मध्ये सुरू होतो. कोकणातला न थांबणारा पाऊस, जख्ख म्हातारा सरकार, आणि त्याची सेवा करणारी विनायकची आई. ही सेवा कसली हे बर्वे एका छोट्या प्रसंगात दाखवतात. म्हाताऱ्याच्या पायाशी बसलेली बाई, यंत्रासारखा हलणारा हात आणि डोळा त्या एका सोन्याच्या मुद्रेवर. कपडे सगळे अंगावर आहेत, तरी इतकं ओंगळ दृश्य भारतीय सिनेमात फार थोडं सापडेल. मुलगा मोठा होऊन वाड्यात परततो तेव्हा जे पुढे येतं ते असं: धन ज्या जागी आहे ती जागा म्हणजे देवीचं गर्भाशय. लालबुंद, ओलसर, श्वास घेतल्यासारख्या भिंती. विनायक जवळजवळ उघड्या अंगाने, दोराला धरून त्यात उतरतो. खाली हस्तर, त्या देवीचा हावरा मुलगा, आणि मोहरा हस्तरच्या लंगोटात. म्हणजे श्रीमंतीसाठी बाप आईच्या उदरात उतरून दुसऱ्याच्या लंगोटाला हात घालतोय, आणि पुढे पोरालाही तेच शिकवतोय. वर पुण्यात बायको पीठ दळतेय आणि वेगळी बाई ठेवलेली आहे. विनायक झालेल्या सोहम शाहच्या पिळदार पाठीवर मशालीचा उजेड पडतो तेव्हा ती पाठ देखणी दिसते, आणि तो देखणेपणा खादाड वाटतो. २०१८मध्ये चित्रपट जेमतेम चालला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला.

कुब्रिकचं थकलेलं कर्ज त्याच वर्षी, २०२४मध्ये, कोराली फार्जा या फ्रेंच दिग्दर्शिकेने वसूल केलं. ‘द सबस्टन्स’मध्ये टीव्हीवर व्यायामाचा कार्यक्रम करणारी एलिझाबेथ स्पार्कल पन्नासाव्या वाढदिवसाला नोकरीवरून काढली जाते. तिला काढणारा निर्माता समोर बसून कोळंबी ओरपतोय, आणि कॅमेरा त्याच्या तोंडात शिरल्यासारखा जवळ. मग ती एक औषध टोचून घेते. पांढऱ्या फरश्यांच्या बाथरूममध्ये नग्न होऊन कोसळते, आणि तिची पाठ मणक्याच्या रेषेत उसवते. आतून तरुण, नितळ सू बाहेर येते आणि दोऱ्याने ती पाठ शिवून टाकते. सात दिवस हिचे, सात दिवस तिचे, असा करार.

साठीला आलेल्या डेमी मूरने कॅमेऱ्यासमोर असं उभं राहण्याचं धाडस केलं, त्याचं कौतुक भरपूर झालं, तिला गोल्डन ग्लोबही मिळालं. पण ज्या दृश्याने पोटात गोळा येतो त्यात तिने लाल पोशाख घातलेला आहे. शाळेतल्या एका जुन्या मित्राला भेटायचं ठरलंय. ती छान तयार होते, दारापर्यंत जाते, परत येते, गळ्यावर काहीतरी झाकते, ओठ पुन्हा रंगवते, दारापर्यंत जाते, परत येते. शेवटी आरशात बघत सगळा रंग हाताने इतक्या जोरात खरवडते की चेहरा लाल होतो. ती भेटायला जात नाही. इतका वेळ भोकातून बघणारा डोळा आता तिच्याच डोक्यात बसला आहे, तिथे उतरवायला कपडे लागत नाहीत. बाथरूममधल्या नग्नतेने या एका प्रसंगाची तयारी करून घेतली, असं मला वाटतं. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र फार्जाबाई रक्ताच्या पिचकाऱ्या उडवत सुटतात आणि सुरकुतलेली बाई पुन्हा एकदा राक्षसीण म्हणूनच उभी राहते. हेतू उपहासाचा आहे, कबूल. तरी थिएटरात त्या कुबड आलेल्या शरीराला जो ‘ईऽऽ’ मिळतो, तो २३७ नंबरच्या खोलीतल्या म्हातारीला मिळायचा तोच.

मराठी सिनेमाने या वाटेवर फार थोडी पावलं टाकली. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) त्यातलं ठळक. कर्जापायी शहरातून पळालेलं जोडपं, पोटुशी बायको नेहा, चारी बाजूंनी उंच उसाने वेढलेलं घर आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई. नेहा झालेल्या पूजा सावंतचं पोट हे या चित्रपटातलं एकमेव ‘उघडं’ शरीर, तेही साडीत. पण प्रत्येकाची नजर त्या पोटावर आहे. कुणाची मायेची, कुणाची हिशेबी, आणि आत मुलगा की मुलगी यावर ती माया टिकणार की आटणार ते ठरणार आहे. उसातून ऐकू येणारी लहान मुलांची गाणी, विहीर, आणि तुळसाबाई झालेल्या उषा नाईकांचा तो पान खाल्ल्यासारखा सावकाश, प्रेमळ आवाज. जन्मापूर्वीच मुली संपवणाऱ्या घराची ही गोष्ट आहे, आणि हडळीच्या जुन्या गोष्टीत जे पाठीमागे दडलेलं होतं ते फुरियांनी समोर आणून ठेवलं. फुरियांनीच त्याचं हिंदीत ‘छोरी’ (२०२१) केलं आणि २०२५मध्ये त्याचा दुसरा भागही आला.

बाईच्या इच्छेबद्दलचा, तिला काय हवंय याबद्दलचा मराठी भयपट मात्र अजून माझ्या तरी पाहण्यात नाही. बाळंतपण, वंश, सूड इथवर आपण आलो, कारण आई म्हणून बाईची कड घेणं आपल्याला जमतं. हिरवं लुगडं नेसून बांधावर उभ्या असलेल्या बाईला मुळात कुणी आवडलं असेल का, हे विचारायला पटकथालेखक कचरतात. निर्माते तर त्याहून कचरतात, कारण त्यांना आधी ओटीटीवाल्याचा आणि मग कुटुंबाबरोबर बसणाऱ्या प्रेक्षकाचा विचार करायचा असतो. मुंबईत आता शृंगाराची दृश्यं नटनट्यांच्या संमतीने बसवून देणाऱ्या प्रशिक्षित समन्वयक बायका काम करतात. मार्ली रेनफ्रोच्या किंवा जास्मिनच्या वेळी असं कुणी नव्हतं. साधनं हाताशी आहेत, धारपांच्या कथांचे ढीग आहेत, कोकणात पाऊस आहे. पैसे घालणारा हवा.